खेळून झालेल्या माणसाच्या हाती माईक द्या

2023 साली 37 वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली, गोव्याच्या खात्यावर 92 पदकं जमा झाली, आणि तेव्हापासून आपल्याकडची खेळाची चर्चा मैदानं, पदकं आणि पदकवाल्यांना सरकारी नोकरी एवढ्यातच फिरते. हे सगळं महत्त्वाचं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या खेळांविषयी लोकांशी बोलायचं कुणी, हा प्रश्न कुठल्या क्रीडा संघटनेच्या सभेत निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गावात सामना भरला की माईक कुणाच्या तरी हातात असतोच. तो बहुतेक वेळा आवाज खणखणीत असलेल्या, सूत्रसंचालनाची सवय असलेल्या हौशी माणसाच्या हातात असतो. माझं म्हणणं असं की तो माईक खेळून झालेल्या खेळाडूच्या हातात गेला पाहिजे. रीतसर शिकवून, ठरलेला मोबदला देऊन, मराठीत आणि कोंकणीत.

यासाठी मी ज्या क्षेत्राचा दाखला देणार आहे, त्याला खेळ म्हणायलाही पुष्कळ जण तयार नसतात. अमेरिकेतलं प्रोफेशनल रेसलिंग. नव्वदच्या दशकात डिचोली-साखळीच्या शाळांत डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन रेसलिंग कंपनीचे पत्ते दप्तरात लपवून नेणाऱ्या पिढीतला मी. कुणाची उंची किती, छाती किती, दंड किती, रँक कितवा, हे आम्हाला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं. निकाल आधी ठरलेला असतो हे कळलं तेव्हा बऱ्याच जणांनी तोंड फिरवलं. खरं तर कंपनीनेच 1989 साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढे कबूल केलं होतं की हा मनोरंजनाचा कार्यक्रम आहे. क्रीडा आयोगाच्या नियमांतून आणि करातून सुटका हवी होती म्हणून. मी मात्र बघत राहिलो, आणि हळूहळू माझं लक्ष रिंगमधून रिंगबाहेरच्या समालोचकांच्या टेबलाकडे गेलं. तिथे हेडफोन लावून बसलेल्या दोघातिघांत एक जण बहुधा स्वतः त्या रिंगमध्ये आपटलेला असायचा.

आपल्याकडच्या दशावतारी नाटकात पात्रांचे संवाद लिहिलेले नसतात. कोण जिंकणार हे माहीत असतं, राक्षस मरणार हे माहीत असतं, तरी उभी रात्र जागवायची ताकद त्या क्षणी सुचलेल्या शब्दांत असते. रेसलिंगही साधारण याच जातीचं. फरक इतकाच की तिथे रिंगमधले दोघे फारसे बोलत नाहीत, त्यांच्या वतीने टेबलावरचा बोलतो. म्हणून हा बोलणारा कसा तयार झाला, हे पाहण्यासारखं आहे.

जेसी व्हेंचुराची कहाणी घ्या. मिनेसोटाचा हा गडी. नौदलात पाण्याखालच्या कामगिरीच्या तुकडीत होता, मग रेसलर झाला. 1984 साली, कारकीर्द ऐन भरात असताना, त्याच्या फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या. रिंग सुटल्यातच जमा होती. कंपनीने त्याला समालोचनाच्या टेबलावर बसवलं. शेजारी होता गोरिला मान्सून, तोही जुना रेसलर, अवाढव्य देहाचा. 1985 च्या पहिल्या रेसलमेनियाचं, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाचं, समालोचन या दोघांनी केलं, आणि पुढची काही वर्षं ही जोडगोळी ऐकत एक अख्खी पिढी मोठी झाली.

व्हेंचुराने केलं काय? सगळं स्टेडियम ज्याच्या नावाने ओरडतंय त्या हल्क होगनला तो उघडपणे फैलावर घ्यायचा. होगनने डोळ्यांत बोटं घातली, केस ओढले, की मान्सून त्यावर पांघरूण घालायचा आणि व्हेंचुरा म्हणायचा, हेच दुसऱ्याने केलं असतं तर तू आरडाओरडा केला असतास. खलनायकाची बाजू घेणं हा त्याच्या भूमिकेचा भाग होता, हे खरंच. पण स्वतः रिंगमध्ये खलनायक म्हणून वावरल्यामुळे त्या बाजूची अक्कल त्याच्याकडे होती. पंचाची पाठ कधी वळते, दोरखंडाचा आधार कसा घ्यायचा, दमलेल्या गड्याला श्वास मिळावा म्हणून पकड कशी लांबवायची, हे तो सांगायचा आणि ते पटायचं. आवाज कमावलेल्या कुणाही नटाला नुसतं कागदावर लिहून दिलं असतं तर हे साधलं नसतं.

पुढे हा माणूस मिनेसोटाचा गव्हर्नर झाला, 1999 ते 2003. लोक त्याची गोष्ट सांगताना याच टप्प्यावर रमतात. मला त्याआधीच्या दोन घटना जास्त मोलाच्या वाटतात. 1986 मध्ये, दुसऱ्या रेसलमेनियाच्या तोंडावर, त्याने रेसलरांची संघटना उभी करायचा प्रयत्न केला. बातमी मालकापर्यंत पोचली आणि बेत फसला. मग कंपनी सोडल्यावर 1991 मध्ये त्याने तिच्यावर दावा लावला. त्याच्या आवाजातल्या सामन्यांच्या व्हिडिओ कॅसेट कंपनी विकत होती आणि त्याला रॉयल्टी देत नव्हती. रॉयल्टी फक्त मुख्य कलाकारांनाच मिळते, असं त्याच्या एजंटला सांगण्यात आलं होतं. ते खोटं निघालं. 1994 मध्ये ज्युरीने त्याला सुमारे 8 लाख डॉलर द्यायला लावले, आणि वरच्या कोर्टातही निकाल टिकला. संघटनेची बातमी मालकापर्यंत कुणी पोचवली होती, हेही याच खटल्याच्या साक्षींत उघड झालं: होगनने.

या दाव्याकडे मी पुन्हा येणार आहे. त्याआधी जेरी लॉलरबद्दल लिहिलं पाहिजे, कारण समालोचकाच्या जागी खेळलेला माणूस का हवा, याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

लॉलर मेम्फिसचा नामांकित रेसलर. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये त्याचं काम मुख्य समालोचक जिम रॉसच्या शेजारी बसून चावटपणा करण्याचं. 23 मे 1999, कॅन्सस सिटी. ओवेन हार्ट हा रेसलर छतावरून दोरीने खाली उतरण्याचा देखावा करणार होता. दोरीची कडी सुटली आणि तो उंचावरून रिंगमध्ये आदळला. त्या क्षणी घरच्या प्रेक्षकांना पडद्यावर आधी टिपलेली चित्रफीत दिसत होती, म्हणजे पडण्याचं दृश्य कुणी पाहिलं नव्हतं. ज्या कार्यक्रमात दर दहा मिनिटांनी कुणीतरी मेल्याचं सोंग आणतो, तिथे हे सोंग नाही हे लोकांना पटवायचं कसं? लॉलर टेबल सोडून रिंगकडे धावला, ओवेनजवळ गेला, परत येऊन खुर्चीत बसला. रॉसने विचारल्यावर त्याने मोजक्या शब्दांत सांगितलं की लक्षण बरं दिसत नाही. त्याचा तो चेहरा आणि तो उतरलेला आवाज ज्याने ऐकला, त्याला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. पडावं कसं हे शिकण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस एका नजरेत ओळखू शकला की हे पडणं त्यातलं नव्हे. ओवेन हार्ट त्याच रात्री गेला. कार्यक्रम तरीही चालू ठेवण्यात आला, त्याचा राग मला आजही आहे. पण टेबलावरच्या त्या दोघांनी प्रेक्षकांशी खोटेपणा केला नाही.

2012 च्या 10 सप्टेंबरला माँट्रियालमध्ये वेळ लॉलरवरच आली. त्याच संध्याकाळी तो एक सामना खेळला होता, नंतर टेबलावर येऊन बसला, आणि समालोचन करता करता हृदयविकाराच्या झटक्याने कोसळला. सहकारी मायकल कोलने बाकीच्या सामन्यांचं समालोचनच केलं नाही. अधूनमधून कॅमेऱ्यापुढे येऊन तो लॉलरच्या प्रकृतीची माहिती द्यायचा आणि हा कार्यक्रमाचा भाग नाही, असं सांगायचा. बाकी सामने मुके गेले. लॉलर वाचला, नोव्हेंबरमध्ये परतलाही. कधी बोलायचं नाही, हेसुद्धा या कामात शिकावं लागतं.

आता आपल्या मातीत या. दोनेक वर्षांमागे डिचोली तालुक्यातल्या एका गावात कबड्डीचा सामना चालू होता. चढाईला गेलेल्या पोराला चार जणांनी धरलं, ढिगारा पडला, ढिगारा उठला आणि पोरगा उठला नाही. माईकवरचा गृहस्थ त्या वेळी चषकाच्या पुरस्कर्त्यांची नावं वाचत होता. पंचायत सदस्य, मग एका दुकानाचे मालक, मग कुणा आमदारांचे निकटवर्तीय. पंच संघनायकाशी गुणावरून हुज्जत घालत होते. माझ्या शेजारी उभा असलेला साठीतला एक जुना खेळाडू पुटपुटला, ‘गुडघो गेलो ताचो. पाय हालयनाका म्हणचें.’ नंतर तेच तो ओरडून सांगू लागला, पण लाऊडस्पीकरपुढे त्याचं काय चालणार? दोघा मित्रांनी त्या पोराला बगलेत धरून, तोच पाय जमिनीवरून फरफटत बाजूला नेलं. पुरस्कर्त्यांची यादी संपली. सामना पुढे सुरू झाला.

त्या मैदानावर काय घडलं ते ओळखणारा माणूस हजर होता. माईक मात्र दुसऱ्याकडे होता. गोव्याच्या मैदानांवरची अडचण याहून वेगळ्या शब्दांत मला सांगता येत नाही.

लगेच कुणी म्हणेल, खेळणारा चांगला बोलतोच असं नाही. अगदी खरं. पण बोलता येणं शिकवता येतं. घोट्याच्या हालचालीवरून चढाई कुठल्या बाजूला वळणार हे ओळखणं सहा महिन्यांच्या वर्गात शिकवता येत नाही. त्याला पंधरा वर्षं गुडघे फोडून घ्यावे लागतात. कोल्हापूरकडे कुस्तीच्या मैदानांवर हे केव्हाच सिद्ध झालं आहे. गोव्यातले शौकीन अजूनही आंबोली किंवा चोर्ल्याचा घाट चढून तिकडची मैदानं बघायला जातात, ते नुसती कुस्ती बघायला नव्हे, ऐकायलाही. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1912 साली खुलं झालेलं खासबाग मैदान असो की एखाद्या गावच्या जत्रेतला फड, हलगी कडाडत असते आणि निवेदक सांगत असतो: हा पोरगा अमुक तालमीचा, वस्ताद अमुक, बाप उसाच्या फडात राबतो. खडाखडी चालू. एकेरी पट काढला, निसटला. आता घिस्स्यावर गेला, वरचा पैलवान मोळी बांधायच्या बेतात आहे, खालच्याने मान द्यायची नाही. ‘मान द्यायची नाही’ हे तो प्रेक्षकांना सांगतो, खालच्या पोराला सांगतो, की स्वतःच्या जुन्या आठवणीला, देव जाणे. मैदानातल्या हजारो माणसांपैकी निम्म्यांना डावांची नावं माहीत नसतात, पण संध्याकाळपर्यंत माहीत झालेली असतात. एखाद्या गरीब पैलवानाची कुस्ती डोळ्यांत भरली तर याच माईकवरून इनाम जमतं. प्रेक्षकाला जाणता करण्याचं काम तिथे निवेदक करतो, आणि जाणता प्रेक्षक असल्यामुळे खेळ टिकतो.

गोव्यात असा प्रेक्षक फुटबॉलला आहे, आणि तो पिढ्यान् पिढ्या घराघरांतून घडला आहे. पण विचार करा, भारताचं कर्णधारपद भूषवलेले ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखे गोलरक्षक पेनल्टीच्या क्षणी मारणाऱ्याच्या कमरेकडे बघत होते की पायाकडे, हे एखाद्या गावच्या सामन्यात, समोर पेनल्टी घेतली जात असताना, माईकवरून ऐकायला मिळालं तर तिथल्या दहा वर्षांच्या पोराला केवढं घबाड मिळेल! कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना तर अशा आवाजाची गरज आणखी जास्त आहे, कारण त्या खेळांचं ज्ञान आपल्याकडे अगदी थोड्या घरांत उरलं आहे.

मराठीत हे चालेल का, हा प्रश्न आता विचारण्यात अर्थ नाही. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठीत ऐकवलं त्याला जमाना झाला. 2023 च्या आयपीएलमध्ये जिओ सिनेमाने बारा भाषांत समालोचन दिलं, त्यात मराठी होती. आपला केदार जाधव त्याच मराठी समालोचनाच्या खुर्चीत बसला होता, आणि हंगाम अर्ध्यावर आला असताना बंगळूरच्या संघाने त्याला जखमी खेळाडूच्या जागी उचललं. खुर्चीतून उठून तो पॅड बांधायला गेला. त्या बारा भाषांत कोंकणी नव्हती. गोव्यात या दोन भाषांवरून आपण चार दशकं भांडलो आहोत. इथे भांडणाला जागाच नाही, कारण दोन्हीत मैदानं रिकामी पडली आहेत. आपली मुलं आज रेसलिंग हिंदी आवाजात बघतात, कबड्डीही हिंदीत बघतात. त्यांनी ते बघू नये असं मी म्हणणार नाही. पण गावच्या मैदानावरच्या आवाजाने त्या हिंदीची कच्ची नक्कल करावी, ‘क्या बात है, क्या बात है’ करत राहावं, हे मला मनापासून खुपतं.

खरी गंभीर हरकत दुसरीच आहे, आणि ती मला टाळायची नाही. खेळाडू माईकवर बसला की तो पैसे देणाऱ्याची भाषा बोलू लागतो. रेसलिंगमध्ये तर कंपनीचा तेव्हाचा मालक व्हिन्स मॅकमहोन वर्षानुवर्षं समालोचकांच्या कानात हेडफोनवरून काय बोलायचं ते सांगायचा, हे आता गुपित राहिलेलं नाही. क्रिकेटमध्ये संजय मांजरेकरांना 2020 मध्ये बीसीसीआयच्या समालोचक मंडळातून वगळलं गेलं. कसोटी खेळलेल्या माणसाची ही गत, तर आमच्या तालुक्यातला जुना कबड्डीपटू आयोजकाविरुद्ध, आयोजकाच्याच माईकवरून, ‘मैदान ओलं आहे, सामना थांबवा’ असं कसं म्हणेल?

म्हणूनच माईक देताना पगार कोण देतो हे आधी ठरवलं पाहिजे. पंचांना मानधन मिळतं आणि त्यांची नेमणूक संघटनेकडून होते. समालोचकाचं तसंच व्हावं. आयोजकाने पाकिटात घालून दिलेले पैसे नकोत. गोवा क्रीडा प्राधिकरणाने तालुकावार निवृत्त खेळाडूंची निवड करावी, आकाशवाणीच्या पणजी केंद्रातल्या जाणत्या निवेदकांकडून त्यांना शिकवावं, आणि ज्या स्पर्धेला सरकारी अनुदान हवं तिथे या यादीतला समालोचक बसवणं सक्तीचं करावं. खर्च फार येणार नाही. फातोर्ड्याच्या स्टेडियमवरच्या एका रोषणाईत याची काही वर्षं निघतील.

यात बायकांचा विचार आधी व्हावा. आपल्याकडे कबड्डी-खो-खो खेळणारी मुलगी लग्न झालं की मैदानावरून नाहीशी होते. तिचं कसब घरात कुजतं. बेथ फिनिक्स ही रेसलर 2012 मध्ये निवृत्त झाली, संसारात पडली, आणि 2018 मध्ये समालोचनाच्या टेबलावर परत आली. तिच्या तोंडून स्त्रियांच्या सामन्यांचं समालोचन ऐकताना पुरुष समालोचकांच्या बोलण्यातला तो चेहऱ्यामोहऱ्याचा पाल्हाळ गळून पडलेला दिसायचा. ती पकडीबद्दल, खांद्याबद्दल, तोलाबद्दल बोलायची. सत्तरीत, पेडण्यात, फोंड्यात अशा किती जणी आज स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुलांचा खेळ बघत असतील.

आणि दुखापत झालेल्यांचा विचार त्याच्याही आधी. कोरी ग्रेव्हज नावाचा रेसलर डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांमुळे 2014 मध्ये, तिशीतच थांबला. डॉक्टरांनी परवानगीच दिली नाही. दोन वर्षांत तो कंपनीच्या सगळ्यात मोठ्या साप्ताहिक कार्यक्रमाचा समालोचक झाला. त्याचं नशीब चांगलं होतं. असे आघात घेऊन बाहेर पडलेले आणि कुणी विचारलं नाही असे कितीतरी आहेत, कारण तिथे रेसलर हा कायद्याने कंपनीचा नोकर नसतो, कंत्राटी असतो. आपल्याकडचा खेळाडू तर कंत्राटीसुद्धा नसतो. पदक मिळालं तर नोकरीची आशा, पदकाआधी गुडघा गेला तर काहीच नाही. त्या कबड्डीच्या पोराचं पुढे काय झालं याची मी चौकशी केली. तो आता खेळत नाही. तेविशीत आहे, चढाई कशी करायची ते त्याला नीट माहीत आहे, आणि बोलतोही छान.

शेवटी व्हेंचुराच्या दाव्याकडे. गावोगावचे सामने आता यूट्यूबवर थेट दिसतात. टेनिसबॉल क्रिकेटच्या स्पर्धांवर तर दुबई-कुवेतमधली आपली माणसं रात्र रात्र जागतात. त्या चित्रणाला जाहिराती मिळतात, ते पुन्हा पुन्हा पाहिलं जातं, आणि माईकवरच्या माणसाला दिवसाचे पैसे आणि जेवण मिळतं. बहुतेकांशी लेखी करारच होत नाही. उद्या प्राधिकरणाने माझी सूचना मनावर घेतलीच, तर पहिल्याच कागदावर दोन कलमं असावीत: मैदानावर दिसलेला धोका आणि दुखापत बोलून दाखवल्याबद्दल कुणाला यादीतून काढता येणार नाही, आणि ज्या चित्रणातून पैसा मिळतो त्यातला वाटा त्यातल्या आवाजालाही मिळेल.